दिलं होतं, पोचलं नाही

“फुप्फुसं काढून घेतली आणि मग वापरली न्हाईत, तर त्यांचं काय करता?” आबांनी विचारलं.

डॉक्टर इनामदारांनी हातातली फाईल मिटली. अतिदक्षता विभागाला लागून असलेली ती खोली लहानशी होती. एका बाजूला आई, आबा आणि मी. समोर डॉक्टर, आणि त्यांच्या शेजारी रेवती चांदोरकर. रेवतीताई त्या रुग्णालयात अवयवदानाचं काम बघत. देणाऱ्या घराशी बोलायचं आणि घेणाऱ्याला बोलावून घ्यायचं, ही दोन्ही कामं त्यांच्याचकडे.

“तुम्हाला परत देतो, काका,” रेवतीताई म्हणाल्या. “अंत्यसंस्कारासाठी. असं होऊ शकतं, म्हणून तर आधीच सांगतेय.”

“म्हणजे पोरगं फाडायचं, आणि उपयोग न्हाई झाला तर परत शिवून द्यायचं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “तसंही होऊ शकतं.”

आई माझ्या हाताला धरून बसली होती. तिची बोटं जरा घट्ट झाली.

धैर्यशील माझा धाकटा भाऊ. इस्लामपूरजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता. तिशी नुकतीच ओलांडलेली, लग्नाचं बघणं चाललेलं. मैदानावर पोरांना कबड्डीची चढाई शिकवता शिकवता डोकं धरून खाली बसला आणि आडवा झाला. डोक्यातली नस फुटली होती. आधी ज्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “दोन दिवसांत उठून बसतो बघा, माझी गॅरंटी.” आबांनी त्यावर विश्वास ठेवला. पुण्याला आणेपर्यंत उशीर झाला होता का, की काहीही केलं असतं तरी हेच होणार होतं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

पुण्यात तो दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर होता. डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या समित्यांनी त्याला तपासलं आणि दोन्हींचं मत एकच पडलं. मेंदूचा बहुतेक भाग गेला होता. तो कधी डोळे उघडून आमच्याकडे बघणार नव्हता. पण मेंदू पूर्ण मेला होता असंही नव्हतं. बुंध्याजवळचा थोडासा भाग अजून धुगधुगत होता आणि त्याच्या जोरावर तो मधूनच आपणहून एखादा श्वास घ्यायचा. यंत्र काढायचं, हे आई आणि आबांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं. रेवतीताई आमच्याकडे आल्या त्या त्यानंतर.

“मी वीज मंडळात लाईनमन होतो,” आबा डॉक्टरांना म्हणाले. “लाईन बंद केलीय असा सबस्टेशनवरनं निरोप आला, तरी आम्ही स्वतः तपासल्याबिगर तारेला हात लावत नव्हतो. तुम्ही कसं बघता? मेला हे कसं ठरवता?”

“यंत्र काढल्यावर त्याचं हृदय आपोआप मंद होत जाईल आणि थांबेल,” डॉक्टर म्हणाले. “थांबल्यावर पाच मिनिटं कुणीही त्याला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात ते परत सुरू झालं नाही, तरच मी मृत्यू झाल्याचं सांगणार. मी. फुप्फुसं काढणारे डॉक्टर वेगळे आहेत. तोवर ते त्याच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाहीत.”

आबांनी मान हलवली. ही भाषा त्यांना कळत होती.

“आणि ते लवकर थांबलं न्हाई तर?”

डॉक्टरांनी रेवतीताईंकडे पाहिलं. “हाच तर प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “यंत्र काढल्यावर माणूस साधारण दीड तासाच्या आत गेला, तर फुप्फुसं घेता येतात. त्याहून जास्त लांबलं, तर रक्तदाब उतरत जातो, प्राणवायू कमी पडतो आणि ती खराब होतात. मग आम्ही थांबतो. धैर्यशीलच्या बाबतीत काय होईल, ते आम्हाला सांगता येत नाही. वेळेत गेला, तरी आतून बघितल्यावर ती चांगली निघतील की नाही, तेही माहीत नाही. अशा पद्धतीचं दान आपल्याकडे फारसं झालेलं नाही, काका. अनुभव कमी आहे.”

“म्हणजे तुम्ही कशाचीच खात्री देत न्हाई.”

“नाही.”

मला वाटलं, आबा आता उठतील. पण ते खुर्चीत मागे टेकून बसले. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदाच ते असे टेकून बसले होते.

“मग बोलू आपण,” ते म्हणाले. “गॅरंटी देणारा माणूस मी बघितलाय.”

खरं म्हणजे निर्णय आबांनी घेतला नाही. तो आईने घेतला. तिने रेवतीताईंना एकच विचारलं, “ज्याला द्यायची, त्याला नेमकं काय होतंय?”

“त्या व्यक्तीची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. बसल्या जागीही प्राणवायूचं नळकांडं लागतं. आडवं पडून झोप येत नाही.”

“माझी आई तशीच गेली,” आई म्हणाली. “उशांना टेकून, बसल्या बसल्या. घास तोंडात धरायची आणि गिळायला दम पुरायचा न्हाई.” तिने आबांकडे बघितलं. “अहो, द्या. पण मी त्याच्याजवळनं हलणार न्हाई. शेवटापर्यंत न्हाई.”

“तुम्ही तिथेच असाल,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशीलला ऑपरेशन थिएटरजवळच्या एका खोलीत हलवलं. यंत्रांचे आवाज बंद केले होते. खिडकीतून ऊन येत होतं आणि खाली बागेत कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. आईने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. तिने घरून आणलेला निळा शर्ट नर्सने त्याच्या अंगावर नुसता पांघरला होता. नळ्यांमुळे घालता येत नव्हता.

आम्हाला दिसत नव्हतं, पण माहीत होतं, की पलीकडे दाराआड डॉक्टरांची दुसरी तुकडी हात धुऊन बसलेली आहे. आणि याच इमारतीत कुठल्यातरी मजल्यावर ती अनोळखी व्यक्ती ऑपरेशनचे कपडे घालून, उपाशीपोटी वाट बघतेय.

डॉक्टर इनामदारांनी आम्हाला विचारून नळी काढली. दुखू नये म्हणून औषध चालूच होतं. धैर्यशीलचं तोंड किती दिवसांनी मोकळं दिसलं. ओठाच्या कडेला पट्टीने लाल व्रण उमटला होता. त्याला थोडं खोकल्यासारखं झालं, छाती एकदा खाली गेली आणि थांबली. आईने डोळे मिटून घेतले.

मग छाती वर आली.

परत खाली गेली, परत वर आली. घरघर होती, मध्येच मोठा खंड पडायचा, पण पुढचा श्वास यायचा. आई त्याचा तळवा चोळत होती. “मी इथंच हाय रं,” ती म्हणत होती. “आबा हायत. माली हाय, तुझी ताई.”

पहिला अर्धा तास मला एकच गोष्ट कळत होती, की तो श्वास घेतोय. त्यानंतर मला दुसरी गोष्ट कळू लागली. आबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. श्वासाकडे, मग घड्याळाकडे, मग परत श्वासाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एक अवघडलेपण होतं. कुणाला दिलेल्या वेळेला पोचता येत नाही म्हणून माणूस कासावीस व्हावा, तसं. मीही बघू लागले. एखादा खंड लांबला की मनात यायचं, संपलं. आणि संपावं की संपू नये, यातलं आपल्याला काय हवंय, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

“डॉक्टर, अजून वेळ हाय का?” आबांनी हळूच विचारलं.

“आहे थोडा.”

आईने मान वर केली. “घड्याळ बघू नका,” ती आबांना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “त्याला काय गाडी पकडायचीय?”

आबांनी खुर्ची फिरवली आणि घड्याळाकडे पाठ करून बसले. पण त्यानंतर ते रेवतीताईंकडे बघू लागले. त्या दाराजवळ उभ्या होत्या, आणि घड्याळ त्यांना दिसत होतं.

वेळ गेली तेव्हा रेवतीताई आत आल्या. आबांच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “काका, आम्ही आता थांबतोय. ते डॉक्टर परत जातील. धैर्यशीलला आपण वॉर्डातल्या खोलीत नेऊ. त्याला काही त्रास होणार नाही, ते आम्ही बघू. तुम्ही द्यायला निघाला होता, ते आमच्या लक्षात राहील.”

“उपयोग न्हाई झाला,” आबा म्हणाले.

“फुप्फुसांचा नाही झाला. डोळे मात्र नंतरही घेता येतील, तुमची हरकत नसेल तर.”

“घ्या,” आबा म्हणाले. पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं.

धैर्यशील पुढे सगळी दुपार श्वास घेत राहिला. वॉर्डातल्या त्या खोलीत कुणी कशाची वाट बघत नव्हतं. नळ्या नव्हत्या, तेव्हा नर्सने आणि आईने मिळून त्याला निळा शर्ट नीट घातला. आईने त्याची नखं कापली. वाटीत तेल मागून घेतलं आणि त्याच्या पायांना लावलं. त्याच्या लहानपणीच्या गोष्टी ती त्यालाच सांगत होती. विहिरीत मुटका मारायला घाबरला होता, ती. मामाच्या लग्नात जिलेबी खिशात भरून आणली होती, ती. मध्ये एकदा ती हसलीसुद्धा. मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या दिवसांत तिला त्याच्याजवळ इतकं मोकळेपणाने बसता आलं नव्हतं. आधी यंत्र मध्ये असायचं आणि भेटायची वेळ संपायची.

आबा मात्र खोलीत टिकत नव्हते. थोडा वेळ बसायचे आणि बाहेर जायचे. मी त्यांच्या मागे गेले, तेव्हा ते जिन्याजवळ रेवतीताईंना गाठून उभे होते.

“त्या माणसाला सांगितलं?”

“सांगितलं, काका.”

“घरी पाठवलं?”

“संध्याकाळी सोडतील. जेवायला दिलंय आता.”

“आधी कधी असं बोलावून परत पाठवलं होतं त्यास्नी?”

रेवतीताईंनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला सांगता येत नाही. कोण आहे, काय आहे, काहीच सांगायचं नसतं. तसा नियमच आहे.”

“मग तुम्ही आमचं त्यास्नी सांगा.” आबांनी गळ्यातला टॉवेल काढून हातात घेतला. “म्हणावं, आम्ही मनापासनं दिलं होतं. पोराला जायला उशीर झाला. त्याचा दमच मोठा हाय, लहानपणापासनं. त्याच्यावर राग धरू नका म्हणावं.”

“आबा,” मी म्हटलं, “असं काय बोलताय?”

“तुला न्हाई कळायचं, माले. उपाशी बसवून ठेवलं त्या माणसाला. आज सुटका होणार म्हणून आला असंल. आता घरी जाऊन काय सांगंल?”

रेवतीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “असे निरोप द्यायची पद्धत नाही, काका,” त्या म्हणाल्या.

“नसंल पद्धत. बघा जमलं तर.”

धैर्यशील दिवेलागणीच्या सुमारास गेला. शेवटचे श्वास इतके दूर दूर पडत होते, की शेवटचा कोणता, ते आम्हाला नंतर कळलं. आईचा हात त्याच्या छातीवर होता आणि आबा पायाशी बसले होते.

गावाला परत आल्यावर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. कुणाकडून तरी बातमी फुटली होती आणि लोक भेटायला आले की आबांचा हात धरून म्हणायचे, “पोराने जाता जाता दुसऱ्याला जीव दिला. मोठं काम केलंत.” आबा प्रत्येक वेळी त्यांना थांबवायचे. “डोळे तेवढे दिले,” ते म्हणायचे. “फुप्फुसं दिली होती, पोचली न्हाईत.” शाळेने शोकसभा घेतली, तेव्हा मुख्याध्यापकांनी भाषणात तेच वाक्य घेतलं आणि आबा भर सभेत उठून उभे राहिले. म्हणाले, “गुरुजी, तसं झालं न्हाई. तो माणूस परत गेला.” आणि खाली बसले. मला तेव्हा फार संकोच वाटला. घरी आल्यावर मी म्हटलंही, “प्रत्येकाला कशाला सांगायचं?” ते म्हणाले, “जे झालं न्हाई, त्याचं कौतुक मी कशाला घेऊ?”

हळूहळू लोकांचं येणं थांबलं, विषय मागे पडला. पण आबांच्या मनातून तो माणूस गेला नाही. थंडीच्या दिवसांत खोकला झाला, की खोकून झाल्यावर ते म्हणायचे, “त्याला मिळाली असतील का गं दुसरी?” धैर्यशीलविषयी आई बोलायची. आबा बोलायचे ते या माणसाविषयी.

पाच-सहा वर्षं गेली असतील. मी कऱ्हाडला कॉलेजात शिकवते. तिथे अवयवदानावर व्याख्यान ठेवलं होतं आणि बोलायला आल्या होत्या रेवती चांदोरकर. केस बरेच पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. मी भावाचं नाव सांगितलं, तशा त्या खुर्चीवरून उठल्या.

व्याख्यान संपल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत बसलो. त्यांनी आई-आबांची चौकशी केली. मी म्हटलं, “आबा अजून त्या माणसाबद्दल विचारतात. तुम्ही निरोप दिला होता का?”

त्यांनी कप खाली ठेवला. “तेव्हा मला सांगता आलं नसतं. आजही नाव सांगणार नाही. पण आता सांगितलं तर चालेल असं वाटतं.” मग म्हणाल्या, “तो माणूस नव्हता. बाई होती. चाळिशीची असेल. आणि ती तिसरी वेळ होती, तिला बोलावून परत पाठवायची.”

मी माझा कप बाजूला सारला.

“मी आधी तिला नुसतं इतकंच सांगितलं होतं, की आज होणार नाही. दुपारी तुमच्या वडिलांचं बोलणं ऐकून मला राहवेना. परत वर गेले. ती घरचे कपडे घालून पलंगावर बसली होती, नाकाला नळी. मी म्हटलं, देणाऱ्याचे वडील तुमची माफी मागतायत. त्यांच्या मुलाला जायला उशीर झाला म्हणून. तिला आधी कळलंच नाही. मग तिने विचारलं, ‘म्हणजे तो अजून श्वास घेतोय?’ मी हो म्हटलं. एकटाच, यंत्राशिवाय? हो म्हटलं. आई जवळ आहे का? हो. तिला एकेका वाक्याला थांबावं लागत होतं. मग म्हणाली, ‘घेऊ दे. त्याला म्हणावं, सावकाश घे.’”

स्टाफरूममध्ये कुणीतरी पंखा लावला. रेवतीताईंनी पदराने चष्मा पुसला.

“मी खाली आले तेव्हा तुम्ही सगळे आत होता. दार किलकिलं होतं. तुमची आई त्याच्याशी बोलत होती, हसत होती. माझ्याने आत येववलं नाही. नंतर वाटलं, कळवावं. पण नियमही होता, आणि...”

“ती आहे?” मी विचारलं.

“नाही. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी गेली. चौथ्यांदा बोलावणं आलंच नाही.”

त्या शनिवारी मी इस्लामपूरला आई-आबांकडे गेले. एसटीत सगळा वेळ एकच विचार, की शेवटचं सांगायचं की नाही. सांगितलं नसतं, तर आबांना सुख झालं असतं. पण ज्या माणसाने भर शोकसभेत स्वतःचं कौतुक खोडून काढलं, त्याला अर्धं सांगणं माझ्याने झालं नसतं.

आबा ओट्यावर बसले होते, आई आत भाकरी थापत होती. मी आबांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. बाई होती, तिसरी वेळ होती, ती काय म्हणाली. त्यांनी मला ते वाक्य परत म्हणायला लावलं. मग स्वतःशीच म्हणून बघितलं. आणि मला वाटलंच होतं तसं त्यांनी विचारलं, “आता कशी हाय ती?”

मी सांगितलं.

आबांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं. आईचा भाकरी थापण्याचा आवाज केव्हाच थांबला होता. ती पिठाच्या हातांनी उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“त्या दुपारी तिलाच दम पुरत नव्हता,” आई म्हणाली. “तरी असं म्हणाली.”

“होय,” आबा म्हणाले.

त्यानंतर आबांनी कधी त्या माणसाचा विषय काढला नाही. उलट त्या दुपारविषयी ते पहिल्यांदाच बोलू लागले. धैर्यशील किती वेळ तग धरून होता, आईने त्याला कसं तेल लावलं, शर्ट कसा घातला, हे सगळं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आम्हाला वाटायचं, तेव्हा यांचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं, सगळं होतं.

भाद्रपदात, पितृपक्षात, धैर्यशीलचा म्हाळ घातला. मी होते. स्वयंपाक झाला, आई पान वाढायला बसली, तेव्हा आबा म्हणाले, “आणखी एक पान मांड.”

पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी विचारलं, “हे कुणाच्या नावाने? नाव सांगा.”

“नाव म्हाईत न्हाई,” आबा म्हणाले. “गाव बी म्हाईत न्हाई. चालंल का?”

“चालतं. पण तुमची कोण, एवढं तरी सांगा.”

आबांनी आईकडे बघितलं. आईने दुसऱ्या पानावर भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि वर न बघता म्हणाली, “लेक म्हणा.”